गिरजाबाईंची घागर

वाशीच्या नव्या वसाहतीत सर्वांच्या घरांचे क्षेत्रफळ सारखे, खिडक्या सारख्या आणि गळणारे नळही सारखेच. खाडीवर पूल झाला, चाकरमान्यांनी आपले संसार इकडे आणले आणि गावाकडच्या आळ्या व वेशी मागे राहिल्या, असे आपण सारे समाधानाने म्हणू लागलो. परंतु वाचकहो, वेस दगडमातीचीच असते असे नाही. ती कधी कधी स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्याशेजारी, घासूनपुसून लख्ख ठेवलेली असते.

गिरजाबाई मोठ्या मायाळू गृहिणी. त्यांच्या समोरच्या घरात बाजीराव राहत. ते रबाळ्याच्या कारखान्यात फिटर होते. पत्नी सुंदराबाई, लहानगी मीना आणि वृद्ध आई भिमाबाई असे त्यांचे बौद्ध कुटुंब मूळचे महाड तालुक्यातले. सुंदराबाईंना विषमज्वर झाला तेव्हा गिरजाबाईंनी रोज मऊ भात आणि मेतकूट त्यांच्या घरी पोहोचविले होते. मात्र गिरजाबाईंच्या स्वतःच्या घरात एक रीत होती. इतर शेजारणी खुशाल आत जाऊन घागरीत ओगराळे बुडवीत. पण भिमाबाई पाण्यासाठी उठू लागल्या, की गिरजाबाई लगबगीने पुढे होत.

"बसा हो, बसा! मी देते ना!"

आणि त्या वरून पाणी ओतून पेला भरीत. लोक म्हणत, केवढे हे आतिथ्य! हे आतिथ्य एकाच घराच्या बाबतीत इतके तत्पर असते, हे ज्यांना ते लाभत होते, त्यांच्यावाचून कोणाच्याही ध्यानी आले नव्हते.

१९८२ सालच्या नाताळच्या सुट्टीत सोसायटीने महाडला, सावित्रीच्या काठी तंबू ठोकून राहण्याचे ठरविले. कल्पना तळमजल्यावरच्या शिवरामपंतांची. पंत संस्कृतचे निवृत्त शिक्षक. ते म्हणत, "नदीकाठची जुनी गावे पाहावीत. तिथे इतिहास पुस्तकाहून अधिक मोकळेपणाने बोलतो."

सर्वांत आधी होकार दिला तो भिमाबाईंनी. त्यांचे माहेर महाडजवळच्याच एका खेड्यातले. चवदार तळ्याचे पाणी प्यायला जो समुदाय निघाला होता, त्यात त्यांचे वडील होते. पण लग्न होऊन त्या लहानपणीच मुंबईस गेल्या आणि तळे पाहायचे राहून गेले. "बापानं पानी पिलं तितं," त्या म्हणाल्या, "मला निदान डोळ्यानं बगू द्या."

पहिल्याच सकाळी ते घडले. नदीवर धुके होते. मीनाला झोपेत ठसका लागला, म्हणून भिमाबाई स्वयंपाकाच्या तंबूत गेल्या, गिरजाबाईंनी घरून आणलेल्या घागरीत ओगराळे बुडविले आणि नातीसाठी पेला भरून घेतला. स्नान करून परतणाऱ्या गिरजाबाईंनी हे पाहिले. भिमाबाई पाठमोऱ्या होताच त्यांनी घागर उचलली, सारे पाणी वाळूत ओतून दिले आणि चिंच नि राख घेऊन त्या ती घासू लागल्या.

"अगं, आत्ताच तर भरून आणली मी!" त्यांचे यजमान दिनानाथ चकित होऊन म्हणाले.

"चिलट पडलं होतं. पुन्हा आणा."

नातीला पाणी पाजून रिकामा पेला ठेवण्यासाठी भिमाबाई मागे फिरल्या होत्या. तंबूच्या कनातीआडून त्यांनी वाळूत जिरणारे पाणी पाहिले, चिलटाचे बोलणेही ऐकले, आणि पेला तेथेच ठेवून त्या परतल्या. त्या सकाळी त्यांनी चहाही घेतला नाही.

"बाजीराव, मला दुपारच्या एस्टीत बसवून दे."

"का गं आई? आत्ताच तर आलो. काय झालं?"

त्यांनी थोडक्यात सांगितले. बाजीरावांचा चेहरा तांबडा झाला. "थांब, विचारतोच त्यांना!"

"नगं. भांडून पानी मिळंल, मान नाय मिळायचा. तळं बगते नि जाते. तुमी राहा, पोरीची सुट्टी हाय."

त्याच सकाळी सारी मंडळी गांधारपाल्याची लेणी चढून गेली. कातळात कोरलेल्या एका टाक्याशी शिवरामपंत थांबले. "येथल्या शिलालेखात एका राजकुमाराने लेण्याबरोबर पाण्याची टाकीही दान दिल्याचे म्हटले आहे. दाता कोण, हे लिहिले. पण पाणी कोणी पिऊ नये, हे कोठेही लिहिले नाही. जवळजवळ दोन हजार वर्षे झाली!"

गिरजाबाईंनी भक्तिभावाने हात जोडले. "केवढं पुण्य जोडलं हो!"

"पुन्यवान मानूस," मागून भिमाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याच्या पान्यात कदी चिलट पडलं नाय."

गिरजाबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांनी वळून पाहिले, तो भिमाबाई नातीचे बोट धरून पायऱ्या उतरूही लागल्या होत्या.

मग मंडळी गावातल्या चवदार तळ्यावर आली. घरांच्या मधोमध ते विस्तीर्ण पाणी निश्चल पसरले होते. पंतांनी पादत्राणे काढून ठेवली. ते म्हणाले, "गुरे येथे पाणी पीत, पाखरे पीत, अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र बंदी होती. १९२७ साली बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे या पायऱ्या उतरली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्यानंतर गावाने काय केले, ठाऊक आहे? तळे बाटले म्हणून त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या. माणसांनी पाण्याला शुद्ध केले!"

"जाऊ द्या हो पंत," गोटीराम म्हणून एक गमत्ये शेजारी होते, ते हसून म्हणाले, "आता कुठं राहिलंय तसलं? आपल्या सोसायटीत या म्हणावं. भाजी कोणाची नि ताट कोणाचं, पत्ता लागत नाही!"

सारे हसले. गिरजाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या बोटांना अजून चिंचेचा आंबट वास येत होता. त्यांनी हात पदराखाली घेतला. पंचगव्य ओतणारे ते लोक कसे असतील, असा विचार मनात येताच त्यांना ते ओळखीचे वाटू लागले. दुष्ट नसतील. पाहुण्यांना जेवू घालणारे, आजाऱ्याला भात पाठविणारेही असतील!

"पंत," त्या अडखळत म्हणाल्या, "पण आपल्यात… पाण्याला विटाळ होतो म्हणतात, ते मग कसं?"

"बाई, पाणी आपणा सर्वांना शुद्ध करते, म्हणून आपण रोज स्नान करतो. जे साऱ्या जगाला शुद्ध करते, ते एका माणसाच्या हाताने अशुद्ध कसे होईल? एकतर पाण्याची महती खोटी, नाहीतर विटाळ खोटा. दोन्ही एकदम खरे धरता येत नाहीत. आणि एखाद्या पोथीने हे दोन्ही खरे म्हटलेच, तर माझे अवघे आयुष्य पोथ्यांत गेले असूनही मी सांगतो, की ती पोथी मिटावी आणि तहानलेल्याला वाट द्यावी!"

भिमाबाई पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेल्या होत्या. वाकून त्यांनी ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. वर येऊन त्या मीनाला म्हणाल्या, "तुजा पणजा सांगायचा, चवदार म्हनत्यात, पन चव आपल्या विहिरीच्या पान्यासारकीच. फरक येवडाच, की ह्ये त्यानं सोता वाकून घेतलं. वरून कुनी वतलं नाय."

गिरजाबाईंच्या मनातला शेवटचा बांध त्या वाक्याने फुटला.

"भिमाताई, सकाळी चिलट पडलं नव्हतं!" सर्वांसमक्ष त्या म्हणाल्या. "तुमचा हात लागला म्हणून मी पाणी ओतून दिलं. आणि घरी 'मी देते, मी देते' करते, तेही त्याचसाठी. मी मोठी चूक केली. आता मला तुमच्या हातचं पाणी द्या. मी सर्वांदेखत पिते."

गोटीरामांनी मान खाली घातली. भिमाबाईंनी मात्र मान हलविली.

"नगं बाई. इतके दिस तुमी वाढत होता, आता मी वाढायचं? वाढनारा नि घेनारा, ह्यो खेळ मला नगंच हाय."

"मग मी करू तरी काय?"

"घागरीपास्नं बाजूला सरा. बस."

तळावर परतताच गिरजाबाईंनी दुपारच्या स्वयंपाकालाही हात लावला नाही. त्यांनी घागर तंबूतून उचलून आणली, वडाच्या सावलीत सर्वांच्या मधोमध ठेवली, झाकण काढून शेजारी ठेवले, त्यावर ओगराळे मांडले, आणि दूर जाऊन नदीकडे तोंड करून बसल्या. कोण उठतो, कोण घेतो, हे त्यांना पाहायचे नव्हते. पाहणे हीदेखील राखणच होती, हे आता त्यांना उमगले होते.

भिमाबाई हातात बोचके घेऊन एस्टीसाठी निघाल्या. वडापाशी थांबल्या. ओगराळे घागरीत बुडाल्याचा आवाज झाला.

"चिंच बरी लावलीय," भिमाबाईंचा आवाज आला. "घागर झ्याक दिसतीया! मीने, ह्ये बोचकं आत नेऊन ठेव गं. आज्जी राहनार हाय."

गिरजाबाई उठल्या. डोळे पुसत त्या घागरीपाशी आल्या आणि त्याच ओगराळ्याने पाणी घेऊन घटाघटा प्याल्या.

सुज्ञ नागरिक बंधुभगिनींनो, कोणाला वाढलेल्या भाताने वा दाखविलेल्या मायेने ही वेस मोडत नाही. मायेच्या आडोशाला ती उलट सुखाने नांदते. आपण किती देतो, यापेक्षा आपल्या घरात कोण न विचारता, आपल्या हाताने, वाकून पाणी घेऊ शकतो, हे एकदा पाहावे. जेथे आपण अजून घागरीशी उभे आहोत, तेथून बाजूला सरावे. तहानेला जात नाही, आणि पाण्याला तर ती कधीच नव्हती!