किल्ली काढल्यावरही

दीपमालाची बदली धडगावच्या आरोग्य केंद्रात झाली आणि नवनीतचं चित्त थाऱ्यावर राहिनासं झालं. शहाद्याजवळ त्याची केळीची बाग. बायको सोमवारी खच्चून भरलेल्या जीपने सातपुड्याचा घाट चढायची, ती शनिवारीच परतायची. पोचल्याचा फोन येईपर्यंत तो बागेत येरझाऱ्या घालायचा. शेवटी त्याने ठरवलं, गाडी घ्यायची. नवी नाही परवडणार, पण घाटात दम न टाकणारी, टर्बोवाली डिझेल.

ठरवलं तसा तो आणखीच बेचैन झाला. जेवतानाही मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ.

"भलती चालेल गाडी व्हई तर आधी टर्बो देखना पडस," तो सांगायचा. "तो फुटना का ऑइल इंजिनमा शिरस. मंग इंजिन ऑइलवरच पळस, किल्ली काढी तरी बंद व्हत नही. पाचवा गिअर टाकीसन, ब्रेक दाबीसन क्लच सोडनं, तवय ते बंद पडस."

दीपमाला भाकरी थापता थापता "हूं" म्हणायची.

विसरवाडीच्या उमेदमल शेठची गाडी विकायची आहे असं कळलं, तेव्हा रविवारी दोघं बसने तिकडे गेले. शेठचं कापडाचं दुकान. माल आणायला सुरतेच्या खेपा करून गाडी अडीच लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली.

"मन्हा गुडघा आते क्लच दाबत नही, म्हणीसन इकी ऱ्हायनू," शेठ म्हणाले. "वय व्हयनं तिन्हं, पन चांगली शे. तुम्हीनच चालाडी देखा."

नवनीत स्टिअरिंगवर बसला, शेठ शेजारी, दीपमाला मागे. हायवेवर गाडी अलगद पळाली. कोंडाईबारीचा घाट लागला तशी ती शीळ घालत ट्रकांच्या रांगेला मागे टाकू लागली. नवनीतच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं.

अर्ध्या चढावर एकाएकी ओढ गेली. मागे निळा धूर उठला. त्याने गाडी कशीबशी कडेला घेऊन न्यूट्रल केली. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, पण इंजिनाचा आवाज चढतच गेला. त्याने किल्ली फिरवली, उपटून हातात घेतली. इंजिन तसंच किंचाळत राहिलं. धुरात रस्ता दिसेना. खालून ट्रकचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"बंद कर, भाऊ!" शेठ ओरडले.

"व्हई नही ऱ्हायनी!" नवनीत हातातल्या किल्लीकडे बघत बसला होता. इतके दिवस पाठ केलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं.

दीपमालाने मागून त्याचा खांदा गच्च धरला. "पाचवा गिअर टाका! ब्रेक दाबा! आते क्लच सोडा!"

त्याने सोडला. गाडीने मोठा हिसका खाल्ला, थरथरली आणि गप्प झाली.

तिघं उतरून कठड्याशी उभे राहिले. नवनीतला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. शेठच्या ओठांना रंग नव्हता.

"अशी गाडी मी तुम्हले देऊ शकत नही," ते म्हणाले. "या पोरीना जीव जाता यान्हामा."

घरी येताना नवनीत म्हणाला, "गाडीनं नाव बी नको आते."

नाव काढलं नाही, पण झोपही लागेना. डोळे मिटले की इंजिन किंचाळायचं. सोमवार उजाडला की पुन्हा बागेतल्या येरझाऱ्या.

महिना उलटला आणि शेठचा फोन आला. टर्बो नवा बसवला होता, इंजिन उघडून तपासलं होतं. "तुम्हना मिस्त्री लई या," ते म्हणाले. "मनले पटनं तरच ल्या."

नवनीतने फोन ठेवला. "नको."

"मिस्त्रीले इचारी तर देखू," दीपमाला म्हणाली.

शहाद्याच्या मिस्त्रीने सगळी गाडी पाहिली, घाटात दोनदा नेली, आणि होकारार्थी मान हलवली. गाडी दारात आली. दीपमालाने शिकायचा हट्ट धरला आणि प्रकाशा गावाकडच्या सपाट रस्त्यावर शिकलीही.

मागच्या सोमवारी गाडी दीपमालाच चालवत होती. धडगावच्या घाटाच्या पायथ्याशी नवनीत म्हणाला, "आठे उतर. घाट मी चालाडस."

"येताना तुम्हीनच चालाडनार ना," असं म्हणत तिने गिअर बदलला आणि पहिलं वळण घेतलं. नवनीतने काच खाली केली. वारा गार होता, तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.