पुढचा चिमटा

आभाने वाकून किल्ली बंद असल्याची खात्री केली, विमानाच्या पंख्याचं पातं दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू फिरवायला लागली. बऱ्याच फेऱ्यांनंतर इंजिनाच्या पोटातून गुडगुड असा आवाज आला, तशी ती थांबली.

"ऐकलं? तेल टाकीत परत आलं. आता मोजायचं. आधी मोजलं तर खोटं दिसतं. आणि पंखा उलटा कधीच फिरवायचा नाही."

"हो ताई." साकेतचं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

पांढरकवड्याच्या अलीकडे एक जिनिंग बंद पडली होती. तिचं लांबलचक आवार सपाट करून साकेतने धावपट्टी केली होती, आणि पूर्वी कापसाचे ढीग पडायचे त्या टिनाच्या शेडमध्ये त्याचं महिन्याभरापूर्वी घेतलेलं पांढरं विमान उभं होतं. दोन माणसांचं, खेळण्यापेक्षा थोडंच मोठं. आभा नागपूरला विमानदुरुस्तीची इंजिनिअर होती. बाबांचा फोन आला होता, "नवीन वस्तू आहे, कशी सांभाळायची ते धाकट्याला नीट सांगून जा." फोन ठेवल्यापासून तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. तरी ती आली होती.

"इथे कोपऱ्याकोपऱ्यात अजून सरकी-कापूस उडतो. हवेची जाळी दर उड्डाणाआधी काढून बघ. पेट्रोल जुनं ठेवू नको, सकाळी टाकीच्या तळातून थोडं काचेच्या भांड्यात काढ, पाणी असलं तर खाली बसलेलं दिसेल. ही पंखाखालची नळी बघ. हिच्यात वारा शिरतो त्यावरून तुला वेग कळतो. झाकली नाही तर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधेल, अन् वर गेल्यावर काटा हलणार नाही."

"माशीनं विमान पडते का?"

"पडते."

ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यावर तिने नेहमीच्या सवयीने बोट फिरवलं, आणि एका जागी बोट अडलं. बाकीच्या पांढऱ्या रंगावर धूळ बसून तो पिवळट झाला होता. इथे मात्र तळहाताएवढ्या जागेत रंग अजून चमकत होता. तिने नखाने तो खरवडला. रंग सालीसारखा निघाला. खाली जोडाच्या कडेने केसासारखी काळी रेघ गेली होती.

"हे केव्हा झालं?"

"काय?"

"साकेत, मोबाईल खाली ठेव. जोरात आपटलं आहे हे. चीर पडली, अन् तू वरून रंग मारला."

साकेतने मोबाईल खिशात टाकला. "एवढंसं तर आहे. बियाण्याच्या कंपनीची माणसं उद्या येऊन राहिली, डाग बरा दिसत नाही. तू फक्त तपासणीच्या कागदावर सही कर. इंजिनिअरच्या सहीशिवाय ते उडू देत नाहीत."

"उद्या उतरताना हा चिमटा तुटेल. नाक खाली जाईल, पंखा जमिनीत घुसेल अन् विमान पालथं होईल. तू आत असशील."

"दोन चकरा तर मारायच्या आहेत. केळापूर, मुकुटबन, बस. पत्रकं टाकायची अन् परत."

पत्रकं कसली, ते तिला शेडच्या दाराशी रचलेल्या गठ्ठ्यांवरून कळलंच होतं. नव्या बियाण्याची जाहिरात. विमानाला निम्मे पैसे त्याच कंपनीने दिले होते, उरलेल्यासाठी बाबांनी आपला फंड मोकळा केला होता. मागच्या हंगामात साकेतच्या कृषी केंद्रातून गेलेलं याच कंपनीचं बियाणं लाल्या रोगाने उभ्या उभ्या वाळलं होतं. दुकानाचं शटर लोकांनी दगडांनी वाकवलं होतं. ते अजून तसंच होतं.

"गावात पाय ठेवायची सोय राहिली नाही," आभा म्हणाली, "म्हणून वरून फेकून राहिला का रे?"

"तुले काय समजते धंद्यातलं!"

"धंद्यातलं नाही समजत. लोखंडातलं समजते."

आवाज ऐकून बाबा आत आले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले कमलाकरराव अजूनही इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. साकेतने त्यांच्याकडे बघितलं, आणि लहानपणापासूनच्या सवयीने ते त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"आभा, एवढं काही नसेल ग. मी बसलो होतो न त्याच्यासोबत. जरा जोरात टेकलं, इतकंच. तो काही वाईट चालवत नाही."

आभा उठून उभी राहिली. हाताला लागलेली रंगाची साल तिने ओढणीला पुसली.

"तुम्ही बसला होता?"

बाबांनी शर्टाची बाही सारखी केली.

"मला नागपूरच्या क्लबात विमान शिकायला घेत होते, बाबा. तुमची फक्त सही पाहिजे होती. पोरीच्या जिवाशी खेळ नको म्हणाले तुम्ही. आठ दिवस जेवले नाही मी. आठवते?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"वेगळी कशी? तेव्हा विमानं पडत होती, आता पडत नाहीत?"

"तू आपली सही करून टाक, बेटा. त्याची इज्जत आहे उद्या."

"सही न करणं मी तुमच्याकडूनच शिकले," आभा म्हणाली.

साकेतने दाराशी पडलेल्या डब्याला लाथ मारली. "नको करू! यवतमाळात आहे एक जण, तो करते. संध्याकाळी त्याले घेऊनच येतो." त्याची जीप धूळ उडवत फाटकाबाहेर गेली. बाबा "जेवणाचा डबा घेऊन येतो" असं पुटपुटत स्कूटर घेऊन घरी गेले.

शेडमध्ये टिन तापून कडकडत होतं. आभाने गठ्ठ्यातलं एक पत्रक उचललं. त्यावर हसणारा शेतकरी होता, पांढरेशुभ्र दात, डोक्यापेक्षा मोठं बोंड. तिने ते चुरगाळलं, त्यानेच हाताचं तेल पुसलं आणि कामाला लागली. विमानाच्या शेपटीकडे गिट्टीची पोती बांधून तिने नाक उचललं, खाली जुने टायर रचले. बोल्ट घट्ट होते. पान्यावर सगळं अंग टाकून ती एकेक सोडवत गेली. दर बोल्टबरोबर तिच्या तोंडून एक शिवी निघत होती, काही साकेतला, काही बाबांना, आणि शेवटची बहुतेक स्वतःलाच, आली म्हणून. चाक तिने भिंतीशी ठेवलं. चिमटा साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत कपड्यांच्या खाली, पान्याशेजारी घातला. विमान टायरांवर नाक टेकून राहिलं.

ऊन कलल्यावर बाबा परतले तेव्हा ती फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभी होती.

"जेवली नाहीस."

"मला बस स्टँडवर सोडा."

बाबांनी स्कूटर स्टँडच्या दाराशी लावली. नागपूरची गाडी लागलेलीच होती. आभा चढून खिडकीशी बसली. बाबांनी पायाशी ठेवलेली पिशवी तिला द्यायला उचलली, आणि त्यांचा हात खाली ओढला गेला. आत लोखंडावर काहीतरी खणकन आपटलं. त्यांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली. वरून, कापडावरूनच, चाचपून बघितली. मग आभाकडे बघितलं. ती समोर बघत होती, हनुवटी ताठ, कानाच्या पाळ्या लाल.

ओरडू देत, तिला वाटलं. इथेच, सगळ्यांसमोर. तिच्याजवळ उत्तरं तयार होती, वर्षानुवर्षांची.

बाबांच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यांनी नाव बघितलं. आधी दोन्ही हातांनी पिशवी उचलून खिडकीतून तिच्या मांडीवर दिली, ती नीट बसली का बघितलं, आणि मग फोन कानाला लावला. पलीकडून साकेतचा आवाज खिडकीपर्यंत ऐकू येत होता.

"ताई कुठे आहे? विमानाले चिमटाच नाही! बाबा, तिले थांबवा! गाडीतून उतरवा तिले!"

"गेली रे ती," बाबा म्हणाले. "गाडी सुटली. कधीचीच सुटली."

ड्रायव्हर कँटीनमध्ये चहा पीत होता. कंडक्टर अजून दारात उभा राहून वडकी, हिंगणघाट, नागपूर ओरडत होता, आणि बाबांनी बोलता बोलता मोबाईलच्या तोंडावर आडवा हात धरला होता.