मास्तरांचा ब्रेक

मास्तर कधी ओरडत नसत. गाडी शिकवणारा आणि तरीही न ओरडणारा माणूस म्हणून सगळ्या शहरात त्यांचं नाव होतं. बाकीचे क्लासवाले गियर चुकला की पोरांचा बाप काढत. मास्तर मात्र विद्यार्थ्याने गाडी फुटपाथवर चढवली तरी "आता सावकाश खाली घे" एवढंच म्हणत. लोक याला शांत स्वभाव म्हणत. मला काही ते पटत नाही. ज्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे, त्याने आवाज चढवायचाच कशाला?

शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि स्टिअरिंग हातात आलं की सगळे विसरतात. मास्तरांचं दुकान चालत होतं ते या विसरण्यावर आणि त्या तीन लेनच्या सर्कलवर. परीक्षा तिथेच व्हायची. इतर क्लासची पोरं तिथे पटापट गळायची, मास्तरांची सुटायची. "आत शिरायच्या आधी ठरव कुठे जायचंय," ते सांगत. "पहिल्या फाट्याला वळायचं तर बाहेरची लेन, समोर जायचं तर मधली, तिसरा फाटा हवा तर आतली. सर्कलमध्ये जो फिरतोय त्याला आधी जाऊ दे. आधीचा फाटा मागे पडला की इंडिकेटर दे, आरसा बघ, मग बाहेर सरक. आणि फाटा चुकलाच तर आडवा घुसू नकोस, पुन्हा एक चक्कर मार. पेट्रोल माझं जळतंय."

पोरं हसत आणि पास होत.

मास्तरांचा मुलगा आजारपणात गेला. मागे सून राहिली आणि शाळेत जाणारी नात. सून क्लासचा फोन घेई, गाड्या धुई, मास्तरांचं अळणी जेवण वेगळं शिजवी. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलला पेशंटच्या गाडीवर बाई ड्रायव्हर हवीय. मागे राहायला दोन खोल्या देतात. कच्चं लायसन्स मी मागेच काढलंय, पुढच्या सोमवारपर्यंत पक्कं दाखवायचंय."

मास्तरांचा घास क्षणभर हातात राहिला. मग ते म्हणाले, "मग शिकवतो की मीच. घरचा क्लास असताना बाहेर कशाला जातेस?"

तिला रडू आलं. सासरा असावा तर असा, असं तिला खरोखर वाटलं. भोळी बाई!

ती झपाट्याने शिकली. रस्ता, चढ, मागे घेणं, दोन गाड्यांमध्ये लावणं, कशातच अडली नाही. सर्कलवर पहिला फाटा घेतला, समोरचाही घेतला. मग तिसऱ्या फाट्यासाठी ती आतल्या लेनमध्ये शिरली आणि गाडी हिसका खाऊन जागच्या जागी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला.

"घाबरलीस," मास्तर म्हणाले.

"मी ब्रेक नाही दाबला, बाबा."

"दाबलास. आपला आपल्याला कळत नाही. पाय आपोआप जातो."

दाबला होता त्यांनी. आधी आरशात मागचं वाहन किती लांब आहे ते बघून, बेतानं. कसबी माणूस, कोणी मागून ठोकणार नाही याची काळजी घेऊनच ते हे पाप करत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाहेरच्या लेनमध्ये गाडी लोण्यासारखी चाले, आत शिरली की हिसका.

चौथ्या दिवशी तिने स्वतःच कबूल केलं, "हो, पाय गेला असणार."

त्यानंतर ती त्या पायाच्या मागे लागली. सकाळी पोटरीला तेल चोळी. भाजी ढवळताना पाय उचलून धरी, किती वेळ राहतो ते बघायला. आंघोळीला गेली की दार लावून मांडीवर फाडफाड चापट्या मारी आणि दातओठ खाऊन त्याला शिव्या घाली. नातीने एकदा विचारलं, "आई, तुझा पाय वाईट आहे का?" ती म्हणाली, "हो गं, घात करतो मेला."

परीक्षेच्या सकाळी मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. "हे बघ, आतल्या लेनच्या भानगडीत पडूच नकोस. बाहेरची लेन धर आणि तशीच तिसऱ्या फाट्यापर्यंत जा. तुझी सवय आहे ना, मधेच बंद पडली तर गेलंच सगळं."

हे कसं चुकीचं आहे ते त्यांच्या क्लासमधल्या सगळ्यात मठ्ठ पोरालाही ठाऊक होतं. तिलाही होतं. पण स्वतःच्या पायावरचा विश्वास उडालेला माणूस दुसऱ्याचं काहीही ऐकतो.

परीक्षक साहेब शेजारी बसले. "तिसऱ्या फाट्याने बाहेर पडा." ती बाहेरच्या लेनने निघाली. पहिला फाटा गेला. दुसऱ्यापाशी मधल्या लेनमधली व्हॅन रीतसर इंडिकेटर देऊन बाहेर पडत होती आणि ही तिच्या आडवी. तेवढ्यात हिसका बसला आणि गाडी बंद पडली. व्हॅन शिव्या देत निघून गेली.

"माफ करा," ती म्हणाली. "माझा पाय असाच ब्रेकवर जातो."

"तुमचा?" साहेब वैतागले. "अहो बाई, ब्रेक मी मारला, म्हणून वाचलो. तुमचा पाय तर रेसवर होता."

ती त्यांच्या बुटाकडे बघत राहिली. हा हिसका तिच्या चांगल्या ओळखीचा होता. इतकी लाज, इतकं तेल, इतका मार, सगळं तिच्या डोक्यात एकदम चढलं. साहेबांनी शेरा मारला. नापास. तिने परीक्षेच्या जागेवरूनच हॉस्पिटलला फोन लावला. मेट्रनबाई म्हणाल्या, "आमच्याने थांबणं नाही होणार हो. दुसरी बाई तयार आहे."

मास्तरांनी सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर हात ठेवला. "पुढच्या वेळी पास होशील."

"बाबा, घरी जाताना एकदा सर्कलवरून जाऊ या," ती म्हणाली. "मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."

दुसऱ्या गियरमध्ये, सावकाश, ती आतल्या लेनमध्ये शिरली. मास्तरांची नजर आरशात गेली, मागे कोण आहे ते बघायला. तेवढ्यात तिने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले.

गाडी हिसका खाऊन बंद पडली.

"बाबा, माझे पाय बघा."

चपला तेवढ्या खाली, पेडलपाशी होत्या. मास्तरांनी बघितलं आणि आपला बूट ब्रेकवरून काढला. मागे हॉर्न वाजू लागले.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज कुठे? फक्त आतल्या लेनमध्ये."

"का?"

"पोरीला घेऊन गेली असतीस. मी काय भिंती बघत बसू त्या घरात?" आवाज आताही चढला नव्हता.

"मी या पायाला मारलंय, बाबा."

"माहितीये. ऐकू यायचं."

तिला त्यांचा गळा धरावासा वाटला. उतरून, तीन लेन ओलांडून, सरळ चालत सुटावंसं वाटलं. पण कुठे? हॉस्पिटलच्या खोल्या गेल्या होत्या. गाडी दामटावी म्हटलं तर पक्कं लायसन्स नव्हतं. शेजारी मास्तर नसतील तर तिला हे स्टिअरिंग धरायचीही परवानगी नव्हती.

"शाळा सुटायची वेळ झाली," मास्तर म्हणाले.

तिने चपला घातल्या, गाडी सुरू केली. दुसरा फाटा मागे पडल्यावर इंडिकेटर दिला, आरसा बघितला, एकेक लेन बाहेर सरकत तिसऱ्या फाट्याने ती बाहेर पडली. शाळेवरून मुलीला घेतलं आणि घरापाशी गाडी दोन गाड्यांच्या मध्ये एका दमात लावली.

मास्तरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. तिने ती दिली.

"आज एकही चूक नाही," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.