मार्शलच्या हाताखालचा खांदा

हो, मीच बोलतोय. चौकातला फ्लेक्स. माझ्या मधोमध माणसाएवढं भगदाड आहे, त्याकडे बोट दाखवून तुम्ही जाता-येता हसता. खुशाल हसा. ते भगदाड वाऱ्यानं पाडलेलं नाही, एका आईनं कातरलं आहे. मी ते छाती पुढे काढून मिरवतो.

माझा जन्म कराडचा. स्टँडामागच्या दुकानात मशीनखालून सरकत सरकत मी बाहेर आलो. आम्हा फ्लेक्सांच्या नशिबी काय असतं? कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड आणि खाली गॉगल लावलेल्या पोरांची रांग. माझ्यावर मात्र सातासमुद्रापलीकडचा माणूस छापला. छातीभर पदकं, ओठांवर हसू आणि उजवा हात आमच्या गावच्या अर्जुनाच्या खांद्यावर. वर ठळक अक्षरं, 'शांतीचा वाघ मार्शल आणि माणदेशचा वाघ अर्जुना'. खाली गॉगलवाले होतेच, ते कशाला चुकतात!

अर्जुना फौजेत हवालदार. त्या परक्या देशात यादवी पेटली, भाऊ भावाच्या जिवावर उठला, तेव्हा निळी टोपी घालून तो शांतिसेनेबरोबर तिकडे गेला. हा मार्शल त्या देशाचा सत्ताधारी. टीव्हीवर रोज सांगायचे, की मार्शल आहे म्हणून आपले जवान सुखरूप आहेत. मग एके दिवशी तो खांद्यावर हात ठेवलेला फोटो झळकला आणि अख्खं गाव मार्शलचं झालं. चहाच्या टपरीवर बसून लोक त्याच्या लढाया आखू लागले. तरुण मंडळाचा अध्यक्ष पप्पू म्हणायचा, "मार्शल टिकला तर आपला अर्जुनादादा टिकला." त्यानंच मला छापून आणलं. पोरांची माया खरी होती, म्हणून माझा राग त्यांच्यावर नाही. त्या मायेचा बाजार मांडणाऱ्यांवर आहे.

अर्जुनाची आई हरणाबाई मेंढरं घेऊन निघाली, की माझ्यापुढं थांबायची. लेकाच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसायची आणि जाता जाता मार्शलवरूनही पदर फिरवायची. "ह्यो बी कुणाचा तरी ल्योकच की," म्हणायची. आता ते आठवलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

अर्जुना निवृत्त होऊन आला, तेव्हा गावानं सजवलेल्या जीपमधून त्याची मिरवणूक काढली. हलगी, गुलाल, आणि एका वाहिनीची बाईसुद्धा कॅमेरामनला घेऊन हजर. जीप माझ्यासमोर थांबली. अर्जुनानं मला पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"दादा, मार्शलसाहेबांवर दोन शब्द बोला की," म्हणत पप्पूनं माईक पुढं केला.

"ह्यो फोटो कवाचा हाय, ठावं हाय का तुमाला?" अर्जुना म्हणाला. "आमी एका दवाखान्याची राखण करत हुतो. शेजारच्या बाजारावर ह्याच्याच इमानांनी बाँब टाकलं. बाया गेल्या, पोरं गेली. दिसभर आमी माणसं उचलत हुतो. दुसऱ्या दिशी ह्यो कॅमेरं घिऊन आला. दवाखान्यात पाऊल न्हाई टाकलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, फोटो काढला न् गेला. त्यो हात मला अजून जड लागतोय."

हलगी थांबली. शब्दन् शब्द ऐकला सगळ्यांनी.

संध्याकाळी घराघरात टीव्ही लागला. अर्जुना दिसला, मागे मी दिसलो, गुलाल दिसला. आवाज मात्र त्या बाईचा. मायदेशी परतलेल्या जवानानं मार्शलचे आभार मानले म्हणे! त्याच्या तोंडचं एकही वाक्य ठेवलं नव्हतं.

आणि संताप कशाचा आला सांगू? माझ्यासमोर उभं राहून ज्यांनी ऐकलं, तेच दुसऱ्या दिवशी टपरीवर म्हणाले, "लढाईनं डोस्कं फिरलंय गड्याचं. टीव्ही काय खोटं दावंल व्हय?" अरे, कान तुमचे होते ना? की तेही वाहिनीला देऊन टाकले? अर्जुना चौकात यायचा बंद झाला. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर माणसं विसंबली, त्याला गावानं वेड्यात काढलं.

मग एके सकाळी हरणाबाई आली. हातात मेंढरं कातरायची कातर.

पप्पू धावत आडवा आला. "काकू, आवं नगा फाडू! गावाची शोभा हाय ती."

"तुझा मार्शल ठेव की रं तुला. मी माझा ल्योक न्यायला आलीया."

कातर चालू लागली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण लोकर उतरल्यावर मेंढरू जसं अंग झाडतं, तसं मलाही सुटल्यागत वाटलं. कानाला धक्का न लावता, टोपीच्या कडेकडेनं, त्या हाताखालून तिनं आपला मुलगा सोडवून घेतला. गुंडाळी काखेत मारली आणि पप्पूकडे वळली.

"तू व्हतास की हितंच. ऐकलंस का न्हाई तुज्या कानांनी? तेवढंच सांग मला."

पप्पू तिच्या वाटेतून बाजूला झाला.

काही महिन्यांनी मार्शलनं विजय जाहीर केला. वाहिनीची बाई पुन्हा आली. मार्शलवर प्रेम करणारं गाव दाखवायचं होतं तिला. भगदाड बघून कॅमेरामन वैतागला. "कुणीतरी मागं उभं राहा. हाताखाली खांदा दिसला की काम झालं."

कुणी हलेना. गॉगलवाली रांग आपापल्या चपला न्याहाळत राहिली.

"अध्यक्ष, तुम्ही या," बाई म्हणाली.

पप्पू आला. भगदाडासमोर उभा राहिला.

"ताई, त्या दिशी दादा बोलला, त्ये मी ऐकलंय," तो म्हणाला. "तुमीबी ऐकलंय. ह्या हाताखाली द्यायला आमच्या गावात खांदा न्हाई."

गाडी धुरळा उडवत गेली. पप्पू तडक अर्जुनाच्या घरी गेला आणि त्याला हाताला धरून टपरीवर चहाला घेऊन आला.

आता माझा रंग उडालाय. उतरवून गोठ्यावर टाकायचा म्हणतात मला. टाका, शेणामुताची मला लाज नाही. पण एवढ्यात नको. मार्शल अजून हसतोय आणि त्याचा हात अधांतरी लोंबतोय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बघू द्या.