सत्तरीवरील प्रवाशांसाठी

बाबांनी एकतीस वर्षं पाणथळ उद्यानाचे परवाने दिले आणि उद्यान एकदाही पाहिलं नाही. उद्यान पाच तासांवर आणि बाबांचं टेबल शहरातल्या मुख्य कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या पिंपाशेजारी. नोकरीत असताना जाणं म्हणजे पदाचा गैरफायदा, असं त्यांचं मत. निवृत्त झाल्यावर आईचे गुडघे, मग नातवंडांच्या परीक्षा, मग आईच गेली, असं करत चौदा वर्षं सरली. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, डोळ्यांचा पडदा झपाट्याने चाललाय, फार तर दोन महिने. दवाखान्याच्या पायऱ्या चाचपत उतरताना बाबा म्हणाले, "ते रंगीत करकोचे एकदा बघायचे होते."

म्हणून मुलाने, जो दातांचा डॉक्टर होता, शुक्रवारच्या सगळ्या दाढा पुढे ढकलल्या आणि पहाटेच गाडी काढली. शनिवारपासून विणीच्या हंगामासाठी उद्यान तीन महिने बंद होणार होतं. आजची साडेअकराची होडी शेवटची.

सव्वाअकराला ते उद्यानाच्या परवाना-खिडकीशी उभे होते. खिडकीतली बाई फॉर्म भरता भरता थांबली.

"आजोबांचं वय?"

"एकोणसत्तर," मुलगा म्हणाला.

"चौऱ्याहत्तर," बाबा म्हणाले.

बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "सत्तरीच्या वर डॉक्टरांचा दाखला लागतो हो. पण राहू दे. शेवटचा दिवस आहे. मी वय विचारलंच नाही असं समजा."

मुलाला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. त्याने घाईघाईने बाबांचा दंड धरला. बाबा हलले नाहीत.

"विचारलं नाही म्हणजे? रकाना रिकामा सोडणार तुम्ही?"

"बाबा, चला."

"थांब रे. बाई, उद्या तपासणी आली तर रिकाम्या रकान्याचं उत्तर कोण देणार? एकदा एक गृहस्थ मगर बघायला वाकले आणि थेट पाण्यात. त्यांना वर काढेपर्यंत आमच्या साहेबांचं वजन चार किलोने उतरलं होतं. त्यानंतर हा नियम झाला. मसुदा माझा आहे."

"तुमचा?" बाईच्या आवाजात आदर नव्हता. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मग स्वतःसाठी तरी सोडा की काका!"

मुलाने खिशातून पेन काढलं. "मी डॉक्टर आहे. मी देतो दाखला. द्या कागद."

"दातांचा," बाबा खिडकीला म्हणाले, जणू मुलगा त्यांच्याबरोबर आलाच नव्हता. "शिवाय सख्खा नातेवाईक. चालत नाही."

"अहो, पाच तास गाडी हाकलीये मी! तुमच्यासाठी!"

"ओरडू नकोस. सरकारी जागा आहे."

धक्क्यावरून नावाड्याने हाक दिली. रांगेतली माणसं बाबांना वळसा घालून एकेक करत पुढे सरकली, परवाने घेऊन पळाली. मुलगा खिडकीच्या कट्ट्यावर आवळलेल्या मुठी टेकवून उभा राहिला. रोज अनोळखी लोकांची तोंडं उघडून बसणाऱ्या माणसाला स्वतःच्या बापाचं तोंड बंद करता येऊ नये, याचा त्याला मनस्वी संताप आला. होडी लव्हाळ्यांच्या पलीकडे गेली तेव्हा काठावर फक्त ढवळलेलं पाणी आणि डिझेलचा वास उरला.

"दाखल्याचा कोरा नमुना द्या," तो बाईला म्हणाला. "गावात डॉक्टर असेलच. ही होडी परत आली की एखादी खास फेरी मागू. हातापाया पडू."

बाईने कागद पुढे केला. मुलाने तो उभ्या उभ्या वाचला. रक्तदाब. हृदय. तोल. चौथ्या ओळीवर तो थांबला. 'दोन्ही डोळ्यांची दृष्टी समाधानकारक असल्याशिवाय दाखला देऊ नये.'

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा बाकावर बसले होते, तोंड तळ्याकडे, पण जरा चुकीच्या दिशेला.

"हेही तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"म्हणजे दाखला मिळणारच नव्हता. जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडून. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग आलो कशाला आपण?"

बाबांनी गुडघे चोळले. "वाटलं, एवढ्या वर्षांत कोणीतरी नियम बदलला असेल."

मुलगा त्यांच्या शेजारी बसला.

"मी पन्नाशीत होतो रे तेव्हा," बाबा म्हणाले. "सत्तरी म्हणजे दुसऱ्यांची असते असं वाटायचं."

मग त्यांनी हात पुढे केला. "कागद आहे का? लिही. प्रति, मुख्य अधिकारी. विषय, कलमात दुरुस्ती सुचवण्याबाबत."

"उत्तर कधी येणार त्याचं?"

"नव्वद दिवसांच्या आत. तोही नियम आहे."

मुलाने दाखल्याचा नमुना उलटा केला आणि मांडीवर ठेवून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. तो तिसऱ्या परिच्छेदात असताना होडी परत आली. माणसं धक्क्यावर उतरताना कल्ला करत होती. एक बाई हातांनी पंखांची लांबी दाखवत होती.

"काय म्हणतायत?" बाबांनी मान वळवली.

मुलाने वर पाहिलं. "म्हणतायत, झाडंच्या झाडं भरली होती. शेंड्यापर्यंत. गुलाबी."

बाबांनी मान पुन्हा तळ्याकडे वळवली.

"तू लिही," ते म्हणाले. "महोदय, उपरोक्त कलम तयार करताना एक बाब नजरेतून सुटली."