माझ्यावर कोणी बसायचं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. पण 'या, बसा' असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझं सारं आयुष्य रिकामं राहण्यात गेलं.

माझा जन्म तुरुंगाच्या सुतारशाळेत झाला. मला घडवणारा कैदी भारी तापट, म्हणून सगळे त्याला भडकू म्हणत. मी त्याच्या हातची पहिलीच खुर्ची. माझा एक पाय बोटभर आखूड कापला गेला आणि मी डुगडुगू लागले. सुतारमास्तर म्हणाले, "अरे, खुर्ची केलीस की पाळणा?" सगळे हसले. भडकूचे कान लालबुंद झाले. मास्तर मला मोडीत टाकणार, इतक्यात कैद्यांवर मानसोपचार करणाऱ्या ताईंनी मला मागून घेतलं. "मला अशीच हवी होती. हिच्यावर चुकूनसुद्धा कोणी बसणार नाही," त्या म्हणाल्या.

दर शुक्रवारी ताईंच्या खोलीत आठ कैदी गोल करून बसत आणि मी मधोमध असे. ज्याची पाळी असेल त्याने मला समोर ओढायचं. ज्याला आपण दुखावलं तो माणूस माझ्यावर बसला आहे असं समजून त्याच्याशी बोलायचं. खुर्ची, आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही! सुरुवातीला मला हा अपमानच वाटे. मग एकदा एक धिप्पाड दरोडेखोर माझ्याकडे बघून हमसून हमसून रडला, आणि माझं काम काय ते मला कळलं.

पण आल्या आल्या बोलायची मुभा कोणालाच नसे. आधी आपला राग कुठून चढतो ते ओळखायचं. मग तो हातापर्यंत पोचायच्या आत काय करायचं, याची तालीम करायची. भडकूने रागाच्या भरात धाकट्या भावाचा उजवा हात मोडला होता, आणि भाऊ तर शिंपी. "माझे आधी कान तापतात," एवढं सांगायला भडकूला दोन महिने लागले. त्यानंतर त्याची तालीम सुरू झाली. कान तापले की तोंड मिटायचं, उठायचं, दार उघडून बाहेर पडायचं. माझ्यापासून दारापर्यंत तो शंभरदा तरी गेला असेल. भावाशी बोलायची त्याची पाळी आता तीन शुक्रवारांवर आली होती.

तेवढ्यात एक मोठे साहेब तपासणीला आले. "मॅडम, याने माणसं सुधारतात का हो?"

ताईंनी थापा मारल्या नाहीत. "सुटलेल्या दहांपैकी पूर्वी पाच जण पुन्हा गुन्हा करून आत यायचे. आता चार येतात."

"एवढा खटाटोप करून एकच?"

"तो एक, आणि त्याच्या हातून वाचलेला एक. दोन झाले, साहेब."

साहेबांच्या गळी हे काही उतरलं नाही. ताईंना निरोप मिळाला. त्यांच्या जागी दोन दिवसांचं शिक्षण घेतलेला एक कारकून आला. आता खोलीत चाळीस कैदी, एक पुस्तिका, सहा तास आणि शेवटी प्रमाणपत्र. साहजिकच खुर्च्या कमी पडल्या. "ती मधली रिकामीच आहे की, बस तिच्यावर," कारकून भडकूला म्हणाला. त्या बिचाऱ्याला माझ्याबद्दल कोणी काही सांगितलंच नव्हतं.

"तिथे माझा भाऊ बसतो," भडकू हळूच म्हणाला.

बाकीचे एकोणचाळीस जण खो खो हसले. त्याचे कान तापलेले मला दिसले. त्याने तोंड मिटलं, तो उठला, दार उघडून बाहेर पडला. अगदी शिकवलं होतं तसं! मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! पण कारकून ओरडला, "कुठे निघालास न विचारता?" पहारेकऱ्याने त्याला दंडाला धरून आत आणलं आणि माझ्यावर दाबून बसवलं. तास संपेपर्यंत तो थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर मीही.

भावाशी न बोलताच, प्रमाणपत्र घेऊन तो सुटला. मी अडगळीच्या खोलीत गेले.

वर्षभराने जुनं सामान फोडायला एक कैदी तिथे आला. त्याने मला उलटी केली, आखूड पायावरून बोट फिरवलं आणि मटकन खाली बसला. तो भडकू होता. त्याने मला सरळ उभी केली, पायाखाली लाकडाची चकती सरकवली आणि समोर बसून तो बोलू लागला.

"धाकट्या, तू नुसतं म्हणालास, या हाताने आता काजंसुद्धा करता येत नाहीत. खोटं काय होतं त्यात? माझे कान तापले. दार समोरच होतं रे. मी उठलो नाही. तुलाच ढकललं. जिना आहे हे ध्यानातच आलं नाही."

भाऊ त्या जिन्यावरून पडला तो पुन्हा उठला नाही. पूर्वी मी रिकामी असले तरी भडकू ज्याच्यासाठी मला रिकामी ठेवी तो कुठेतरी जिवंत असे. आता तोही नाही.

ताई असत्या तर हे टळलंच असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दहांतले चार त्यांच्याही हातून निसटत. पण भडकू त्या चारांतला होता की वाचणारा एक, हे आता कोणालाच कळणार नाही. याचं मला फार दुःख होतं.

मास्तर रोज विचारतात, "ती डुगडुगणारी फोडलीस का रे?" तो म्हणतो, "उद्या फोडतो."

मित्रांनो, मी आणखी किती दिवस आहे कोण जाणे. माझं एकच मागणं आहे. एखादा तापट माणूस ओठ मिटून दाराकडे निघाला, तर त्याला हसू नका, धरून बसवू नका. त्याला जाऊ द्या.