तीन नंबरचा पंप

"बसा मिस्त्री, चहा घ्या," साहेब म्हणाले आणि मिस्त्री सावध झाला. इतक्या वर्षांत साहेबांनी गळतीवरून त्याला झापलं होतं, पण खुर्ची कधी दिली नव्हती.

मिस्त्री राखीव दलातला. दरवर्षी पंधरवडाभर कवायत करून यायचा आणि कारखान्यातले लोक त्याला 'सुट्टीतला शिपाई' म्हणून चिडवायचे. गेल्या वर्षी मात्र खरोखरच बोलावणं आलं. तोफांच्या शेजारी वर्ष काढून तो महिन्यापूर्वी घरी परतला होता, आणि आज कामावर.

"कायदाच आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज असा, की फोन न उचलताही पलीकडच्याला ऐकू जावा. "ड्युटीवरून आलेल्याला परत त्याच कामावर घ्यायचं. फक्त काम पूर्वीसारखं जमायला हवं, बस्स!"

ते 'फक्त' चहाबरोबर मिस्त्रीच्या घशात अडकलं.

पंपघराकडे जाताना त्याच्या लक्षात आलं, की सगळा कारखाना कुजबुजतोय. वॉचमननं नुसतेच ओठ हलवले. कँटीनपाशी दोघं हसत होते, तेही दबक्या आवाजात. काहीतरी शिजत होतं खास. घरी बायकोचीही तीच तऱ्हा. "टीव्ही केवढ्यानं लावलाय! कान दाखवून या एकदा," असं ती कालच ओरडली होती.

"कानाला काय धाड भरलीय? तूच तोंडातल्या तोंडात बोलायला लागलीयेस," असं त्यानं ठणकावलं होतं.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकला. मागे बदलीवाला उभा होता. वर्षभर मिस्त्रीचं काम यानंच केलं होतं. मिस्त्री परतला, म्हणून आज त्याचा शेवटचा दिवस.

"काका, दोनदा हाक मारली," तो जरा मोठ्यानं म्हणाला.

"ऐकली की! मुद्दाम ओ दिली नाही."

बदलीवाल्यानं त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग पंपघरातलं स्टूल फडक्यानं पुसून पुढे केलं. फारच गोड! मिस्त्रीनं आधी स्टुलाचे पाय हलवून पाहिले, मगच टेकला.

तेवढ्यात साहेब आले. "चला मिस्त्री, तीन नंबर ऐका बघू!"

मिस्त्रीची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग बिघडलं असलं, की मुठीतून खरखर येते.

त्यानं डोळे मिटले. काहीच नाही. लबाडांनी पंप बंद केला! डोळे उघडले, तर शाफ्ट गरगर फिरत होता. मग स्क्रूड्रायव्हर बदलला असणार. पण मुठीवरची चिकटपट्टी त्यानं स्वतः गुंडाळलेली होती. आता संशय घ्यायला एकच जागा उरली, आणि तिकडे तो महिनाभर पाहतच नव्हता. दुसऱ्या कानाला मूठ लावली. तोफ सुटल्यानंतरची बारीक शिट्टी तेवढी वाजत राहिली.

"काय म्हणतोय पंप?"

साहेबांच्या पाठीमागे बदलीवाल्यानं हळूच दोन मुठी एकमेकींवर घासल्या. खरखर.

हा का सांगेल? मिस्त्री चुकला, की काम याचंच! पंप उघडायला लावायचा आणि आत सगळं ठाकठीक निघायचं, हाच डाव. मिस्त्रीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

"बेअरिंग गेलंय," मिस्त्री म्हणाला. "उघडा."

उघडलं. आतले छर्रे देवी आल्यासारखे व्रणांनी भरले होते.

"वा! याला म्हणतात मिस्त्री!" साहेब गरजले. हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं.

संध्याकाळी बदलीवाला डबा घेऊन निघाला. मिस्त्रीनं त्याला फाटकापाशी गाठलं.

"का रे सांगितलंस?"

बदलीवाला थांबला. शेजारून ट्रक जात होता, पलीकडे वॉचमन उभा होता, आणि साहेबही गाडीत बसत होते. तो हळू आवाजात बराच वेळ बोलला. मध्येच एकदा त्यानं मान खाली घातली, शेवटी किंचित हसला.

'पुन्हा सांग' म्हणायची सोय नव्हती.

"हं," मिस्त्री म्हणाला. "खरंय."

बदलीवाला वळणावरून दिसेनासा झाला, तरी मिस्त्री मान हलवत उभा होता.